न घेतलेला फोन

यंदाच्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी एक वाक्य टाकलं आणि मंडपातल्या माना डोलल्या. मोबाइलचे भाव वाढले हे पांडुरंगाने चांगलंच केलं, ते म्हणाले. आता पोरांचा नाद आपोआप सुटेल आणि दिवेलागणीला घरोघर पुन्हा हरिपाठ ऐकू येईल. महाराज मनापासून बोलत होते, आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं तर मला आनंदच होईल. पण माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि देवळाली प्रवरात माझं मोबाइलचं दुकान आहे. ज्याला ते नाद म्हणतात तो विकून माझं घर चालतं, आणि ज्याला ते संतोष म्हणतात त्याच्यासाठी मी वारीला जातो. त्यामुळे महाराजांचं ते वाक्य मंडपातून उठताना मागे राहिलं नाही. भाव ऐकून जो माणूस फोन न घेता दुकानाची पायरी उतरला, त्याची इच्छा गेली का? की फक्त तो गेला?

आधी झालं काय ते सांगतो. २०२५ ची दिवाळी बरी गेली. २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा गिऱ्हाइकं आशेने यायची. मोठे टीव्ही, एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले, मग फोनचं काय? फोन आधीपासून १८ वरच होता, १ एप्रिल २०२० पासून. त्याआधी १२ होता. हे समजावून सांगताना माणसाचा चेहरा पडलेला दिसायचा, तरी दिवाळीचा दिवस असल्याने खरेदी व्हायची. दिवाळी सरली आणि डिस्ट्रिब्युटरच्या माणसाकडून व्हॉट्सॲपवर नवी भावपत्रकं यायला लागली. कुठे पाचशे वाढले, कुठे हजार, काही मॉडेलला त्याहून जास्त. गावाकडे सगळ्यात जास्त चालणारा फोन म्हणजे सहा-एकशेअठ्ठावीस, सहा जीबी रॅम आणि १२८ स्टोरेज. नेमका तोच माल महागला, आणि जुन्या भावात मागितला तर चार जीबीवर समाधान मानायची वेळ आली.

कारण माझ्या दुरुस्तीच्या टेबलावरच दिसतं. फोन उघडून बोर्डवरचं पत्र्याचं झाकण काढलं की प्रोसेसर दिसतो. बऱ्याच फोनमध्ये त्याच्याच डोक्यावर रॅमची चिप बसवलेली असते, आणि शेजारी स्टोरेजची, नखाएवढी, काळी. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: कोरियातल्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेतली मायक्रॉन. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची जी प्रचंड डेटा सेंटरं उभी राहताहेत त्यांना मेमरी लागते, खास जातीची आणि अफाट. तिकडे पैसा जास्त सुटतो म्हणून कारखाने तिकडे वळले. मायक्रॉनने तर २०२५ च्या डिसेंबरात सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. उरलेली मेमरी महागली, आणि तिचा चटका पन्नास हजारांच्या फोनपेक्षा दहा हजारांच्या फोनला जास्त बसला, कारण स्वस्त फोनच्या खर्चात मेमरीचा वाटा मोठा आणि कंपनीचा नफा आधीच चिमूटभर.

म्हणजे ही महागाई कुणाच्या इच्छेतून आली ते पाहा. आंबी-दवणगावकडच्या कांद्याच्या रानात काम करणाऱ्या बाईने काही जास्त मागितलं नव्हतं. दूरवर, ज्यांच्याकडे सगळं आहे अशांना आणखी हवं झालं, आणि तिच्या हातातला फोन दोन हजारांनी लांब गेला. आपली हाव ही आपली खाजगी बाब आहे, तिचं पाप-पुण्य आपल्यापुरतं, असं आपण समजत आलो. बाजारात तसं नसतं. एकाची हाव भावाच्या रूपाने दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते. मला वाटतं, आपल्या काळात संतोषाचा विचार इथूनच सुरू करावा लागेल.

बी.कॉम.ला आम्हाला मागणीचा नियम शिकवला होता. भाव वाढला की मागणी घटते, आणि फळ्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते. मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे, खिशात पैसा असलेली इच्छा, हेही शिकवलं होतं. ज्याच्याकडे पैसा नाही त्याची इच्छा त्या रेघेवर कुठेच नसते. परीक्षेपुरतं ते पाठ केलं. दुकानात बसल्यावर कळलं की त्या रेघेबाहेर पडलेली माणसं कुठे जात नाहीत. काचेच्या कपाटासमोर उभी राहतात, डमी हातात घेतात, वजन बघतात आणि परत ठेवतात.

देशाचे आकडे काही वेगळं सांगत नाहीत. आयडीसी ही संस्था दर वर्षी भारताच्या बाजारात किती स्मार्टफोन आले ते मोजते. २०२१ मध्ये ते सुमारे १६ कोटी होते. २०२२ मध्ये साडेचौदा कोटींच्या आसपास उतरले, आणि २०२४ मध्ये १५ कोटींच्या थोडे वर गेले. म्हणजे मेमरीची ही टंचाई येण्याच्या कितीतरी आधीच संख्या थबकली होती. पण फोनची सरासरी किंमत मात्र चढत राहिली. २०२४ मध्ये ती २५९ डॉलरवर गेली, म्हणजे एकवीस-बावीस हजार रुपये. विक्री कमी आणि गल्ला मोठा. याचा अर्थ दुकानदाराला लगेच लागतो: खालचा माणूस बाजारातून बाहेर पडला आणि वरच्याने आणखी महागाचा घेतला. भाव वाढल्याने देशाची तृष्णा कमी झाली असती तर आयफोनचा खप वाढला नसता. तो वाढला. महागाईने इच्छा घटवली नाही, तिची जागा फक्त बदलली.

उपास करणारा आणि उपाशी माणूस, दोघांचं पोट रिकामंच असतं, पण पहिल्याने खायची सोय असून खाल्लं नाही आणि दुसऱ्याला ती सोयच नव्हती. हा फरक अमर्त्य सेन यांनी आपल्या अर्थशास्त्राच्या मुळाशी ठेवला. वारकऱ्याला तो समजायला पुस्तकाची गरज नाही. एकादशीला माझ्या घरात चूल थंड असते तेव्हा पिठाचा डबा भरलेला असतो, म्हणून ते व्रत. ज्याच्या डब्यात पीठच नाही त्याला कुणी "आज तुझी एकादशी घडली" असं म्हटलं, तर ते बोलणं विठ्ठलाला आवडेल असं मला वाटत नाही. महाराजांच्या वाक्यात नेमकं हेच झालं होतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगताना भगवंत म्हणतात, की जो आहार सोडतो त्याच्यापासून विषय दूर होतात खरे, पण त्यांची गोडी आत तशीच राहते; ती जायची तर त्याहून मोठं काही दिसावं लागतं. ज्ञानेश्वर माउलींनी या ठिकाणी मुळाला पाणी घालून वरची पालवी खुडणाऱ्याचा दाखला दिला आहे. असं झाड कसं मरेल, असं ते विचारतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, आमच्याच प्रवरेच्या काठी खाली नेवाशाला हे सांगितलं गेलं. माझ्या धंद्याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. भाववाढ पालवी खुडते. आणि मुळाला पाणी? ते माझ्या दुकानाच्या बोर्डापासून सुरू होतं. त्या बोर्डावर नटाचा फोटो असतो, त्याच्या हातात फोन असतो, आणि बोर्ड कंपनी फुकट लावून देते. तोच फोन पोराच्या जुन्या फोनमधल्या व्हिडिओत दर पाच मिनिटांनी येतो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं तेव्हा इंटरनेट काही महिने फुकटच होतं. त्या वर्षी पोरं पाराजवळ रात्री उशिरापर्यंत बसायची, आणि घरातल्या बायका दुपारच्या वेळी मालिका फोनवर बघायला शिकल्या. सवय अशी खोलवर रुजल्यानंतर २०२४ च्या जुलैत सगळ्या मोठ्या खाजगी कंपन्यांचे रिचार्ज एकदम महागले. आमच्याकडे रिचार्ज कुणी सोडलं नाही. किराण्यातून काहीतरी कमी केलं. मूळ इतकं खोल गेल्यावर नुसत्या भावाने झाड वाळेल, ही आशा भाबडी आहे.

यापुढे माझं म्हणणं महाराजांपेक्षा थोडं वेगळ्या वाटेने जातं, कारण फोन ही एकच वस्तू नाही. तंबाखू सोडा म्हणून सांगता येतं, तिच्यात सोडण्यासारखंच सगळं आहे. फोनचं तसं नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी येऊन सातबाऱ्यावर पेरा लावायचा. आता शेतकऱ्याने बांधावर उभं राहून, जागेचं लोकेशन लावून, उभ्या पिकाचा फोटो ॲपवर चढवायचा. ती नोंद नसेल तर अतिवृष्टीच्या मदतीच्या वेळी, पीक विम्याच्या वेळी माणूस अडतो. पीएम किसानची ई-केवायसी, मुलांच्या शिष्यवृत्तीचं महाडीबीटी, लाडक्या बहिणीची ई-केवायसी, सोसायटीतलं खातं, सगळ्याला ओटीपी. या माणसाला मी अपरिग्रह शिकवू? सरकारने ज्या वस्तूवर त्याचा हक्क टांगून ठेवला, ती वस्तू त्याने घेतली तर तो संग्रह कसा?

अर्थात एका फोनवरून अनेक खातेदारांची पीक पाहणी होते, आणि आमच्याकडे तशी होतेही. आमच्या ओळखीचे एक तात्या आहेत. पाटाखालची बागायत, मुलगा पुण्यात नोकरीला. दुकानातला कुठलाही फोन ते रोखीने घेऊ शकतात. वापरतात कीपॅडचा, तोही चार ठिकाणी चिकटपट्टी लावलेला, आणि खरंच समाधानी आहेत. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यांची पीक पाहणी पुतण्या करतो, विम्याचा अर्ज पुतण्या भरतो, वीजबिल पुतण्याच्या यूपीआयवरून जातं. त्यांच्या वैराग्याचा भार एका तरुणाच्या फोनवर आहे. यात तात्यांचा काहीच दोष नाही. पूर्वीच्या काळीही संन्याशाची झोळी गृहस्थाच्या चुलीवरच भरत असे. एवढंच मनात ठेवायचं, की ज्याला पुतण्या नाही त्याला तात्यांचं उदाहरण सांगून उपयोग नाही.

डिसेंबरात एक मावशी आल्या. कांद्याची लागण उरकून तशाच आल्या होत्या; बोटांच्या पेरांत चिखल वाळलेला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. पदराच्या गाठीतून फोन काढून काउंटरवर ठेवला. डिस्प्ले मधोमध फुटलेला, वरच्या अर्ध्या भागात काळी शाई पसरल्यासारखी झालेली, खालचा अर्धा तेवढा चालू.

"पोरीचं कॉलेजचं समदं याच्यात येतं," त्या म्हणाल्या. "आन् त्या लाडक्या बहिणीच्या पंधराशेचं केवायसी करायचंय. नंबर दाबाया जावं तर वरचं काय दिसत नाय."

मी म्हटलं, "मावशी, कॉम्बो टाकावा लागेल. काच आणि डिस्प्ले एकच येतो."

"आन् नवा केवढ्याला?"

सगळ्यात कमी भावातला सांगितला. त्यांनी कपाटाकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघून मनाशी काही हिशेब केला. "दिवाळीला पोरगी म्हणली होती घेऊ, तर मी म्हणलं थांब, भाव उतरू दे. उतरला का नाही?"

"नाही मावशी. वाढला."

"मग हाच करा नीट. टिकंल ना?"

दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, त्या स्टुलावर बसल्या आणि मी काम हातात घेतलं. कडेने हीट मारायची, गोंद सैल झाला की पातळ पट्टी आत सरकवायची, आणि घाई केली तर खालची रिबन तुटते, म्हणून हात हलका ठेवायचा. डिस्प्ले निघाला तेव्हा आतल्या चौकटीत वाळलेल्या मातीची बारीक रेघ होती. ब्रशने ती काढली. नवा कॉम्बो जोडून आधी नुसता चालू करून दाखवला, टच चारही कोपऱ्यांत चालतो का ते त्यांच्याच बोटाने बघितलं. चिखलामुळे बोट लागेना, तेव्हा त्यांनी ते पदराला पुसून पुन्हा लावलं आणि चित्र हललं. मग गोंद, मग रबरबँड. सुकेपर्यंत त्या बसून राहिल्या. मुलगी अकरावीला आहे, नर्सिंगला जायचं म्हणते, एवढं बोलल्या. फोनबद्दल पुन्हा काही बोलल्या नाहीत.

त्या दिवशी त्यांनी नवा फोन घेतला नाही. बाजाराच्या वहीत ही एक घटलेली मागणी. महाराजांच्या वहीत कदाचित एक सुटलेला नाद. मी त्यांच्यासमोर बसलो होतो; मला त्यात नाद दिसला नाही आणि संतोषही दिसला नाही. एक आई मुलीच्या शिक्षणाची वाट कशीबशी उघडी ठेवत होती. याला जर कुठला धार्मिक शब्द लावायचाच असेल, तर तो कर्तव्याच्या घरातला लावा.

त्याच आठवड्यात राहुरी फॅक्टरीकडचा एक तरुण आला. त्याच्या हातातला फोन वर्षाचाही नव्हता, ओरखडा नव्हता. त्याला कॅमेरा बदलायचा होता. भाव वाढल्याचं त्याला माहीत होतं. त्याने फक्त एवढंच विचारलं, की आठ हप्त्यांऐवजी बारा होतील का. झाले. अर्थशास्त्राच्या रेघेवर हा तरुण ठामपणे उभा राहिला आणि मावशी रेघेबाहेर गेल्या. गरज कुणाची मोठी होती, हे त्या रेघेला विचारता येत नाही. म्हणून तो प्रश्न धर्माने विचारायला हवा, आणि योग्य माणसाला विचारायला हवा. सप्ताहाच्या मंडपात पुढच्या रांगेत मावशी बसल्या होत्या की तो तरुण, हे बोलणाऱ्याने बघून बोलावं एवढंच माझं मागणं आहे. संतोष हे घेऊ शकणाऱ्याचं व्रत आहे. ज्याची ऐपत आहे त्याने थांबायचं ठरवलं तर ते वैराग्य, आणि हाव जशी दुसऱ्याचा भाव वाढवते, तसा त्याच्या थांबण्याने तो थोडा खालीही येऊ शकतो. ज्याची ऐपतच संपली त्याच्या थांबण्याला वैराग्य म्हणणं म्हणजे त्याच्या अडचणीला हार घालणं.

मग वस्तूतली गरज आणि हाव वेगळी कशी करायची? फोन तर दोन्हींसाठी एकच. इथे मला आमच्याच राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे संतचरित्रकार महिपती आठवतात. जन्म १७१५, देह ठेवला १७९०. घरात गावचं कुलकर्णीपण होतं. एकदा ते पूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई कामासाठी बोलावायला आला आणि पूजा संपेपर्यंत थांबेना, असं सांगतात. महिपतींनी पूजा आटोपली, जाऊन काम केलं, आणि परत येऊन लेखणी देवाच्या पायाशी ठेवली. आपण आणि आपल्या वंशातल्या कुणीही यापुढे चाकरीसाठी ती उचलायची नाही, असा संकल्प सोडला.

ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण मला तिच्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. महिपतींनी लेखणी मोडली नाही. तीच उचलून त्यांनी संतांची चरित्रं लिहिली. भक्तविजय शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली पुरा झाला, पुढेही ग्रंथ होत राहिले, आणि नामदेव, गोरोबा, जनाबाई यांच्या ज्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो त्यातल्या कितीतरी त्यांच्या हातून आपल्यापर्यंत आल्या. म्हणजे त्यांनी साधन सोडलं नाही, साधनाचा एक उपयोग सोडला. कुठला सोडायचा हे त्यांनी स्वतः ठरवलं, शाई महागली म्हणून नाही. फोनच्या बाबतीत याहून सरळ कसोटी मला सापडलेली नाही. फोन हातात असू द्या; चाकरी कुणाची चालली आहे ते बघा. मावशींच्या फोनवर मुलीचं शिक्षण चाललं आहे. त्या तरुणाच्या फोनवर कुणाची चाकरी चालते, याचं उत्तर त्यालाच द्यावं लागेल. माझ्या स्वतःच्या फोनचंही उत्तर मलाच द्यायचं आहे. रात्री दुकान बंद केल्यावर हरिपाठाआधी तो बाजूला ठेवायला मलाही मन आवरावं लागतं.

धंद्यात मी यातलं जे पाळू शकतो ते पाळतो. नवा फोन मागायला कुणी आलं की आधी विचारतो, जुन्याला काय झालं? बॅटरी गेली असेल तर बॅटरी, चार्जिंगचा जॅक गेला असेल तर जॅक. भाव वाढल्यापासून दुरुस्ती आणि सेकंडहँड हेच काम जास्त आहे, आणि त्यात नफा कमी असला तरी मला ते काम आवडतं. हाताने वस्तूचं आयुष्य वाढवण्यात एक समाधान आहे, ते सीलबंद डबा विकताना येत नाही. पण एका दुकानदाराच्या विचारण्याने तृष्णेचा प्रश्न सुटत नाही हे मला कळतं. माझ्याकडे नाही मिळाला तर माणूस श्रीरामपूरला जाईल.

मला खरी काळजी हप्त्याची वाटते. भाव आणि ऐपत यांच्यात अंतर पडलं की ते अंतर कर्ज भरून काढतं. गिऱ्हाईक आलं, आधारकार्ड दिलं, सिबिल बघितलं, डाऊन पेमेंट भरलं, आणि दहा मिनिटांत फोन हातात. भाव वाढल्यावर मागणी घटायला हवी होती. ती कागदावर पुढच्या वर्षावर ढकलली गेली. उद्याची कमाई आजच्या इच्छेला बांधली गेली. संतांच्या कथांमध्ये सावकार येतो, तो दारात येऊन बसतो, माणसाला त्याचं तोंड दिसतं. इथे सावकार फोनच्या आतच बसतो. हप्ता थकला की फोन दुरून बंद करायचं सॉफ्टवेअर आधीपासून आहे, आणि कर्ज देणाऱ्यांना तसं करू द्यायचा विचार रिझर्व्ह बँक करते आहे अशी बातमी २०२५ च्या सप्टेंबरात आली.

सावकाराची बाजू मला कळते. मीही व्यापारी आहे, उधारी बुडाली की काय होतं ते जाणतो. घेतलेलं परत करावं हाही धर्मच आहे. पण फोन सगळाच बंद करणं म्हणजे हाव आणि गरज यांना एकाच दोरीने फास लावणं. कॅमेऱ्यासाठी फोन बदलणाऱ्याचे चार दिवस सुने जातील, एवढंच. पण रब्बीच्या पीक पाहणीची मुदत चालू असताना शेतकऱ्याचा फोन बंद पडला, तर एका थकलेल्या हप्त्यापायी त्याच्या पिकाची नोंद जाईल, आणि नोंदीबरोबर विम्याचा दावा. महिपतींनी एका लेखणीतली चाकरी आणि सेवा वेगळी केली. आजचं सॉफ्टवेअर ते सहज करू शकतं, कारण फोनमधलं प्रत्येक ॲप वेगळं आहे. लॉक लावायचंच असेल तर रील बंद करा, गेम बंद करा, कॅमेऱ्याचे फिल्टर बंद करा. पीक पाहणी, ओटीपीचे मेसेज, यूपीआय आणि रुग्णवाहिकेचा १०८ नंबर चालू ठेवा.